तीनशे एक्केचाळीस गावं फुकट

भैय्याजींनी आयुष्यात एकच गोष्ट भाव न करता घेतली, ती म्हणजे बायको. अनुसयाबाईंबद्दल त्यांची तक्रार काहीच नव्हती. तक्रार होती ती त्यांच्यासोबत फुकटात आलेल्या साडूबद्दल.

हे साडू म्हणजे हिंगणघाटचे अण्णाजी, अनुसयाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, किराण्याचे ठोक व्यापारी. भैय्याजींनी फ्रीज घेतला की महिन्याभरात अण्णाजींकडे दोन दारांचा यायचा. भैय्याजी तिरुपतीला जाऊन आले की अण्णाजी वैष्णोदेवीला निघायचे. भैय्याजींची अँजिओग्राफी झाली तेव्हा तर अण्णाजींनी कमाल केली. त्यांनी थेट बायपासच करून घेतली.

अण्णाजींकडे नाही अशी एकच वस्तू भैय्याजींकडे उरली होती. इंदूरच्या एका चहा कंपनीची अख्ख्या वर्धा जिल्ह्याची एजन्सी. राहायला बोरगाव मेघे, गोदाम नालवाडीत, माल पोचवायला दोन मेटॅडोर. यातली अर्धी विक्री एकट्या हिंगणघाटच्या बाजूची, कारण तिथं गिरणीच्या तीन पाळ्या आणि जिनिंगचे हमाल, आणि चहाशिवाय यातलं कोणीच जागचं हलत नसे. अण्णाजींचा डोळा नेमका त्याच अर्ध्यावर होता, आणि तसं त्यांनी एका साखरपुड्यात, भैय्याजींच्याच ताटात श्रीखंड वाढता वाढता, बोलूनही दाखवलं होतं.

२००३च्या फेब्रुवारीत इंदूरहून पत्र आलं. यापुढे प्रत्येक वितरकाने आपल्या क्षेत्राचा संगणकीय नकाशा एकतीस मार्चच्या आत पाठवावा. ज्या गावात कंपनीचा चहा विकला जातो ते हिरवे, जिथे विकला जात नाही ते लाल. लाल गावे शेकडा पंचवीसच्या वर गेल्यास क्षेत्राचे दोन भाग करून एक भाग दुसऱ्या वितरकास देण्यात येईल. खाली नव्या एरिया मॅनेजरची सही होती. नाव धीरज, वय सत्तावीस, शिक्षण मॅनेजमेंट. चहा पीत नव्हता.

भैय्याजींनी पत्र सुनेला वाचायला दिलं. मयुरी नागपुरातून कॉम्प्युटर शिकून आलेली, आणि गोदामाची सगळी बिलं तिनं वर्षभरापूर्वीच कॉम्प्युटरवर चढवली होती.

"मामाजी, मॅपिंगचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल," ती म्हणाली.

"कितीले येते?"

"बघावं लागेल. काही हजारांपासून लाखांपर्यंत आहे."

"किलोले का नगाले?"

मयुरीनं पत्राची घडी घातली. सासऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात, ते प्रश्न संपू द्यायचे असतात, हे तिला लग्नानंतर दोनच महिन्यांत कळलं होतं.

तसं पाहिलं तर जिल्ह्याचा नकाशा घरात होताच. मोठी मेटॅडोर चालवणाऱ्या सोनबाच्या डोक्यात. वीस वर्षं तो जिल्हा फिरत होता. कोणत्या गावात कोणतं दुकान, दुकानदाराची उधारीची सवय, त्याचं कुत्रं कोणाला चावतं, सगळं त्याला तोंडपाठ. पण या नकाशाची प्रिंट निघत नव्हती, हीच काय ती अडचण.

मग खरेदी सुरू झाली. भैय्याजी बैल घेताना दात पाहत, ढेप घेताना तुकडा मोडून पाहत. सॉफ्टवेअरला दात नसतात हे कळल्यावर त्यांनी स्वतःचीच परीक्षा काढली. जो विकायला येईल त्याला एकच सांगायचं, "माहं घर दाखव."

पहिला आला नागपूरचा टायवाला. सॉफ्टवेअर अमेरिकेचं, किंमत एक लाख पंच्याऐंशी हजार, त्यासोबत कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायची एक किल्ली. ही किल्ली हरवली तर सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यायचं. त्यानं पृथ्वी गोल फिरवून दाखवली, डोंगर वर उचलून दाखवले, टेक्सास राज्यातले पेट्रोलपंप मोजून दाखवले.

"माहं घर दाखव."

टायवाल्यानं भारतात उडी मारली. वर्धा म्हणून एक ठिपका आला. बोरगाव मेघेच्या जागी निळा रंग होता.

"हे काय हाय?"

"सर, तलाव असेल."

"म्हणजे मी तीस वर्षापासून पाण्यात राहून राह्यलो," भैय्याजी म्हणाले, आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पुढे चार दिवसांनी अनुसयाबाईंच्या बहिणीचा फोन आला. अण्णाजींनी ते सॉफ्टवेअर घेतलं होतं. एजन्सी अजून नव्हती, पण तयारी असावी. किल्ली देवघरात ठेवली होती.

दुसरा नमुना नागपूरच्या फुटपाथवरून आला. दीडशे रुपयांची सीडी, त्यावर पेननं नाव लिहिलेलं. भैय्याजींना किंमत ऐकूनच ती पसंत पडली होती. मयुरीनं सीडी लावली. तीत विलायतेतल्या मँचेस्टर शहराची गल्ली न् गल्ली होती, आणि त्यापलीकडे जगात काहीही नव्हतं.

"ह्या गल्ल्या आपल्या काय कामाच्या?" मयुरी म्हणाली.

"आपला कापूस एके काळी तठीच जात होता," भैय्याजी म्हणाले. दीडशे रुपये अगदीच वाया गेले असं त्यांना वाटून घ्यायचं नव्हतं.

तिसरा आला निकेश. हाही नागपूरचाच, पण टाय नव्हता, बजाज स्कूटरवर आला होता आणि त्याला घाम आला होता, म्हणजे माणूस खरा असावा. त्यानं आणि त्याच्या काकांनी मिळून सॉफ्टवेअर बनवलं होतं. काका जमिनीच्या मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे डोंगर उचलण्याची वगैरे सोय नव्हती, पण जिल्ह्यातलं प्रत्येक गाव हद्दीसकट होतं. आपल्या विक्रीचा आकडा भरला की गाव आपोआप हिरवं व्हायचं, नाही भरला तर लाल राहायचं. किंमत अठरा हजार.

"माहं घर दाखव."

निकेशनं बोरगाव मेघे काढलं. घर नव्हतं, पण भैय्याजींचं घर ज्या शेताच्या तुकड्यावर उभं होतं तो तुकडा होता, आणि तो अजून मूळ मालकाच्याच हद्दीत दिसत होता. भैय्याजींनी घाईघाईनं दुसरं गाव काढायला सांगितलं.

"पिंपळगाव काढ."

अकरा पिंपळगावं आली. भैय्याजींचा चेहरा उजळला. एका किमतीत अकरा!

मयुरीनं मग दोन दिवस ते वापरून पाहिलं. सोनबाला शेजारी बसवून तिनं एकेका गावाची विक्री भरली. सोनबा पडद्याकडे पाहून मान हलवायचा, "हाव, बरोबर. पण हा नाला असा नाई जात, असा जाते," आणि नाला बोटानं सरळ करून द्यायचा. नऊशे एक्याऐंशी गावं झाली. त्यांतली फक्त चाळीस लाल.

"मामाजी, हेच घ्या," ती म्हणाली. "शेकडा पाचसुद्धा लाल नाही. हिंगणघाटला कोणी हात लावू शकत नाही. अठरा हजार रास्त आहेत. आता भाव करत बसू नका."

एवढं सांगून ती भावाच्या लग्नाला अमरावतीला गेली. अख्ख्या प्रकरणात तिच्याकडून झालेली चूक ती एवढीच. व्यापाऱ्याला भाव करू नका म्हणून सांगणं आणि वर गावाला निघून जाणं, हे मांजराला दुधावर नजर ठेवायला सांगण्यासारखं होतं.

निकेश पैसे न्यायला आला तेव्हा भैय्याजी गादीवर एकटेच होते.

"अठरा लय होतात, भाऊ."

"साहेब, मॅडमशी ठरलंय."

"मॅडम लग्नाले गेली. चौदा घे."

दीड तास घासाघीस चालली. निकेश साडेसोळावर आला आणि तिथंच बसला. प्रिंट काढून देतो म्हणाला, नकाशा इंदूरला ईमेलनं परस्पर पाठवून देतो म्हणाला, पण खाली येईना. आता सौद्यात दोघांची इज्जत अडकली होती. अशा वेळी आपल्याकडे एक रीत आहे. भाव उतरत नसेल तर मापावर थोडं जास्त घालून द्यायचं. शेरभर ज्वारीवर मूठभर ज्वारी. याला वरताळा म्हणतात, आणि वरताळा न घेता उठणारं गिऱ्हाईक म्हणजे एक तर परगावचं किंवा घरजावई.

"बरं, साडेसोळा," भैय्याजी म्हणाले. "पण वरताळा काय देतं?"

"सॉफ्टवेअरवर वरताळा?"

"काऊन? गावंच तं हायेत. घाल चार-दोन जास्त."

"जिल्ह्यातली सगळी घातलीत साहेब. जास्त कुठून आणू?"

"तुह्या काकाजवळ पडली असन एखादी."

निकेशला घरी जायचं होतं. वर ऊन तापत होतं आणि स्कूटरमध्ये पेट्रोल बेताचंच होतं. तो थोडा थांबला, विचार केला, आणि म्हणाला, "एक आहे. तीनशे एक्केचाळीस गावं आहेत. आम्ही ती मुद्दाम घालत नाही. कोणी मागत नाही म्हणून. हवी तर देतो."

"फुकट?"

"फुकट."

भैय्याजींनी हात पुढे केला. निकेशनं सीडी लावली, गावं घातली, प्रिंट काढली, आणि जाता जाता वर्ध्याच्या एका सायबर कॅफेतून नकाशा इंदूरला पाठवूनही दिला. माणूस शब्दाचा पक्का होता.

मयुरी चौथ्या दिवशी परतली. हातावरची मेंदी अजून लाल होती. कॉम्प्युटर लावल्यावर पडदाही तसाच दिसला.

"मामाजी, हे काय झालं?"

"काय झालं?"

"हे रिठे कुठून आले?"

रिठा म्हणजे उठून गेलेलं गाव. कधी तापाच्या साथीनं, कधी विहीर आटली म्हणून, कधी दरोड्याच्या भीतीनं लोक उठले आणि शेजारच्या गावांत पांगले. कागदावर गाव तसंच राहिलं. नाव आहे, हद्द आहे, शेतं आहेत, सारा आहे. नाही ते फक्त माणूस. विदर्भात कोणताही तलाठी दप्तर उघडतो तेव्हा त्यात चार जिवंत गावं आणि एक मेलेलं निघतं.

"वरताळ्यात भेटले," भैय्याजी म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"परत करा."

"परत कसे करन? नकाशा इंदूरले गेला."

मयुरीनं हिशेब केला. तेराशे बावीस गावांत तीनशे एक्याऐंशी लाल. शेकडा एकोणतीस.

"दोन-चार हजारांसाठी तुम्ही हिंगणघाट दिलं, मामाजी."

"दीड हजारासाठी," भैय्याजी म्हणाले. "साडेसोळाले तुटला ना सौदा."

इंदूरचं उत्तर आठवड्यात आलं. भैय्याजींनी फोन लावला, मयुरीनं ईमेल केला, दुरुस्त नकाशा पाठवला. धीरजसाहेबांचं म्हणणं एकच. पहिला नकाशा खरा, दुसरा बनावट. गावात माणसंच नाहीत हे कारण त्यांनी मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचलं होतं. विक्री न करणारा प्रत्येक वितरक तेच सांगतो म्हणे. तरीही अन्याय नको म्हणून ते स्वतः येऊन एक लाल गाव पाहणार होते. गाव तेच निवडणार. माणूस दिसला नाही, तर भैय्याजींचं म्हणणं मान्य. दिसला, तर हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुके दुसऱ्या वितरकाकडे. दुसऱ्या वितरकाचं नाव पत्रात नव्हतं, पण त्याच दिवशी अनुसयाबाईंच्या बहिणीचा फोन आला आणि तिनं सहज विचारलं, "ताई, तुमच्याकडे ते चहाचे बोर्ड जुने पडले असतील नं?"

"येऊ दे त्याले," भैय्याजी म्हणाले. "रिठ्यात माणूस दिसला तं मी एजन्सीच सोडून देतो."

धीरजसाहेब एप्रिलच्या मध्यात सकाळच्या गाडीनं उतरले. गॉगल, पाण्याची बाटली, आणि हातात तो नकाशा. मेटॅडोर सोनबा चालवत होता. मध्ये भैय्याजी, खिडकीशी साहेब. साहेबांनी डोळे मिटून नकाशावर पेन टेकवलं. सेलूच्या पलीकडचं एक खैरगाव निघालं.

नालवाडी सुटलं तसा सोनबा गिअर बदलता बदलता हळूच म्हणाला, "भैय्याजी, आज तिथ कोणती हाय?"

"कायले?"

"चैत्री पुनव हाय. हनुमान जयंती."

भैय्याजींचा रंग उतरला. गाव उठून गेलं तरी गावाचा मारुती उठत नाही. पांगलेल्या घराण्यांची नातवंडं-पणतवंडं वर्षातून एकदा, या एका दिवशी, आपापल्या रिठ्यावर जमतात, मारुतीला शेंदूर लावतात, स्वयंपाक करून पंगत उठवतात आणि दिवस कलायच्या आत परत जातात. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तिथं साप आणि रानडुक्कर सोडून कोणी नसतं. आज जिल्ह्यातला एकही रिठा रिकामा नसणार.

"साहेब," भैय्याजी म्हणाले, "आज धूप बहुत है. कल जाएँगे."

"आज ही जाएँगे."

"गाडी का ब्रेक ठीक नहीं है."

सोनबानं मालकाच्या शब्दाला मान द्यावा म्हणून ब्रेक जोरात दाबला. ब्रेक उत्तम लागला. साहेबांचा गॉगल काचेवर आपटला आणि संशय पक्का झाला.

खैरगावचा रिठा म्हणजे चार चिंचा, एक पडकी विहीर आणि ओट्यावरचा मारुती. त्याभोवती चारशे माणसं. बैलबंड्या, राजदूत गाड्या, एक ट्रॅक्टर. चुलवणावर वांग्याची भाजी, शेजारच्या गंजात, म्हणजे हंड्याएवढ्या पातेल्यात, चहा. वाफ आकाशात चढत होती. साहेबांनी गॉगल काढून ते दृश्य नीट पाहून घेतलं, जणू कोलंबसच.

गंजाजवळ रामबाई नावाची एक म्हातारी पळीनं चहा वाढत होती. साहेबांनी तिला विचारलं, "माँजी, यह कौन सा गाँव है?"

"खैरगाव, बाप्पा. आमचं गाव."

"कितने घर हैं?"

"आमची दीडशे घरं हायेत," रामबाई अभिमानानं म्हणाली. तिचा आजा इथून उठून गेला त्याला पाऊणशे वर्षं झाली होती. दीडशे घरं आता नऊ गावांत होती. पण ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी लिहून घेतलं.

"आजी," भैय्याजी काकुळतीला आले, "साहेबांले सांग नं, रात्री झोपते कोठी तुमी?"

शेजारी उभ्या असलेल्या तानबाला ते लागलं. हा तिथला पुजारी, तोही या दिवसापुरता. "काऊन हो शेटजी? आमी झोपतो कोठी त्याचं तुमाले काय करायचं? गाव आमचं नाई का?"

"तुमचंच हाय बाप्पा, पण..."

"मंग? मारुती कोणाचा हाय?"

"तुमचाच."

"मंग गाव कोणाचं झालं?"

याला कोणत्याच दप्तरात उत्तर नव्हतं. साहेबांना ही बोली पुरती कळत नसली तरी भैय्याजी हरले एवढं कळलं. कोणता चहा वापरता, असं त्यांनी विचारलं. रामबाईनं सांगितलं, ज्याच्या घरून जो येईल तो, सगळा एकत्र. साहेबांनी "असंघटित बाजार, मोठी मागणी" असं लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा प्यायला. बरा लागला असावा. दुसरा मागितला.

परतीच्या वाटेवर भैय्याजी मनातल्या मनात हिंगणघाटची दुकानं मोजत होते. सोनबा मात्र प्रसादाची वांगी खात होता आणि मधूनमधून चांगली झालीत म्हणत होता.

गोदामात आल्यावर साहेबांनी बॅगेतून नव्या वितरकाचा करारनामा काढला. क्षेत्राची जागा कोरी होती. त्यात त्यांनी "हिंगणघाट" लिहिलं, "समुद्रपूर"साठी पेन टेकवलं, आणि नियमाप्रमाणे लाल गावांची यादी मागितली. मयुरीनं प्रिंट काढून दिली. तीनशे एक्याऐंशी नावं. देताना ती स्वतःशीच बोलावं तसं बोलली, "हिंगणघाट तर सगळं हिरवंच आहे. तिथं जाऊन नवा माणूस काय वेगळं करणार?"

साहेबांचं पेन थांबलं. "मतलब?"

"काही नाही साहेब. मी आपलं बोलले."

"नहीं नहीं, बोलिए."

"नको. मामाजी रागावतील." मयुरीनं पदर सावरला. ती एरवी पदर घेत नसे. "फक्त एवढी विनंती आहे, लाल गावं तेवढी आमच्याकडे राहू द्या. आज पाहिलंत ना एका गावात किती माणसं होती? अशी तीनशे एक्याऐंशी आहेत. आमच्या उद्याच्या आशा आहेत त्या."

भैय्याजींनी सुनेकडे पाहिलं. ऊन आपल्यालाच नाही, हिलाही लागलं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग तिच्या डोळ्यांतलं काहीतरी त्यांना दिसलं. ढेपेत खडा सापडल्यावर स्वतःच्या डोळ्यांत जे येतं तेच ते होतं. अँजिओग्राफी झालेल्या छातीवर त्यांनी हात ठेवला.

"साहेब, हातपाय जोडतो! लाल गाँव मत लो. चाहो तो हिंगणघाट..."

मयुरीनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"हिंगणघाट की तरफ देखो भी मत," भैय्याजींनी वाक्य पुरं केलं.

साहेब हसले. मॅनेजमेंटच्या पुस्तकात हेही होतं, की वितरक ज्यासाठी रडतो तिथंच खरा बाजार असतो. त्यांनी "हिंगणघाट" खोडलं आणि लिहिलं, "जिल्ह्यातील सर्व लाल गावे, सोबतच्या यादीप्रमाणे."

आता राहिले अण्णाजी. ते काही सत्तावीस वर्षांचे नव्हते. यादी फॅक्सनं आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. वडगाव, सावंगी, पिंपळगाव, खैरगाव. नावं ओळखीची होती, आणि असणारच. आपल्याकडे प्रत्येक नावाची चार-चार गावं आहेत. खात्री करायला त्यांनी अमेरिकेचं सॉफ्टवेअर लावलं. त्यात यातलं एकही गाव नव्हतं. पण त्यात हिंगणघाटही नव्हतं, त्यामुळे ते जमेला धरता येईना. मग त्यांनी त्यांच्याकडचं सगळ्यात भरवशाचं साधन वापरलं. बायकोला सांगितलं, "तुह्या बहिणीले फोन लाव. रडून राह्यली का हासून राह्यली, तेवढं सांग."

आणि इथं भैय्याजींनी आयुष्यातला सगळ्यात मोठा धोका पत्करला होता. अनुसयाबाईंना त्यांनी खरं काहीच सांगितलं नव्हतं. तीनशे एक्याऐंशी गावं गेली, एवढंच सांगितलं होतं. अनुसयाबाई फोनवर धाय मोकलून रडल्या. बहिणीलाही रडू आलं. अण्णाजींनी पलीकडून ते ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि सही केली.

अनुसयाबाईंना खरी गोष्ट महिन्यानं कळली. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलायच्या राहिल्या, पण भैय्याजींच्या मते हिंगणघाटच्या बदल्यात हे जास्त नव्हतं.

अण्णाजींनी नवी गाडी घेतली, तिच्यावर चहाचा कप रंगवला आणि मे महिन्यात पहिल्या फेरीला स्वतः निघाले. सोबत यादी होती. समुद्रपूरकडच्या एका तिठ्यावर, बाभळीच्या विरळ सावलीत त्यांना सोनबाची मेटॅडोर दिसली. सोनबा खाली बसून भाकर खात होता.

"सोनबा, हे वडगाव कोठी हाय बे?" अण्णाजींनी यादी पुढे केली.

सोनबानं हात झटकून यादी वाचली. "हे तं मागं राह्यलं. तुमी त्याच्यातूनच आले."

"मी तं वावरातून आलो."

"हाव. तेच."

अण्णाजींनी मागे वळून पाहिलं. तिथं नांगरलेलं वावर होतं आणि त्यावर ऊन होतं. मग त्यांनी यादीवर बोट खाली नेलं.

"अन् हे पिंपळगाव?"

"ते धरणात गेलं."

"सावंगी?"

"सावंगी चांगली हाय. सावली हाय तठी."

"दुकान हाय का?"

"दुकान नाई. सावली हाय."

अण्णाजी गाडीच्या पायरीवर बसले. त्यांनी इंदूरला फोन करून पाहिला होता का, हे सोनबानं विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं. साहेब म्हणाले होते, नकाशात आहे म्हणजे आहे. वर हेही म्हणाले होते, की ते स्वतः एका गावात जाऊन दोन कप पिऊन आले आहेत.

"सोनबा," अण्णाजी म्हणाले, "भैय्याजीले सांगजो नको मी भेटलो म्हणून."

"नाई सांगत."

सोनबानं भाकरीचा शेवटचा घास खाल्ला, थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, एक त्यांच्यापुढे केला. मग काहीतरी आठवल्यासारखा तो थांबला. इकडे तिकडे पाहून त्यानं तिठ्याचा, नाल्याचा आणि बाभळीचा अंदाज घेतला.

"अण्णाजी, मी अठी घडीभर बसलो तं चालते ना?" त्यानं अदबीनं विचारलं. "हे गाव आता तुमचं हाय."